पट्ट्या

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर कंपासनं काढलेलं वर्तुळ.
टोक टेकलं तिथं कागदाला भोक पडलेलं,
त्या भोकात आम्ही बसायचो.
वर्तुळाच्या आत चित्र. रेषेवर मुंग्या.
मंद्रूपच्या पुढं नुसती पोस्टकार्डं:
आमच्याकडं कधी दिसणार?

मनोरा उभा राहण्याआधी
साखर पेठेत एक बांबू होता, राजेशम चिलवेरीचा.
टोकाला ॲल्युमिनियमचा माशाचा सांगाडा, तोंड पूर्वेला.
आभाळ निवळ असलं की गुलबर्गा यायचं,
निम्मं कानडी, निम्मी खरखर.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पडद्यावर कानडी
आणि धाकटा भास्कर गच्चीवर बांबू धरून:
"कसं दिसालंय?"
"थांब, माणूस आलाय. हलू नको.
हं, डोकं गेलं बघ."

मग आमचं केंद्र आलं.
केंद्र म्हणजे दोन खोल्या, डिझेलचा जनरेटर,
आभाळाकडं आ वासलेली जाळीची परात
आणि लॉगबुक.
लोक विचारायचे, बातम्या तुम्हीच देता का ओ?
गड्ड्याची जत्रा कधी दाखवणार?
मी म्हणायचो, आम्ही टपालवाले.
पाकीट दिल्लीचं, कधी मुंबईचं.
फोडायची परवानगी नाही.

सोलापूरनं सोलापूरला आपलं म्हणून पाठवलेलं
एवढंच:
कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं
उभ्या पट्ट्या, आणि एक सलग सूर.
त्या पट्ट्यांचा डबा इथलाच. बटण मी दाबायचो.
त्याकडं कोण बघतंय?

चिलवेरी बघायचा.
पाळी करून आलेला, कानात अजून माग चालू,
तो सूर त्याला बरा वाटायचा म्हणे.
एक दिवस लाईट गेलेली, पेठेतले माग गप्प,
केंद्रावर जनरेटरची धडधड,
आणि हा दारात. काखेत पेपरात गुंडाळलेली चादर.
"साहेब, तुमचं डिझाईन विणलंय."

टेबलावर उलगडली. लॉगबुक झाकलं गेलं.
आठ पट्ट्या. रुंदीला सुताचा फरक नाही.
पण त्याचा टीव्ही काळा-पांढरा.
त्याला दिसलेल्या राखेच्या आठ पायऱ्या
आणि रंग भरलेले स्वतःच्या हिशोबानं:
पिवळ्याच्या जागी मोरपंखी,
हिरव्याच्या जागी हळद,
निळ्याच्या जागी डाळिंबी.
पांढरा आणि काळा तेवढे जुळले.
"बरोबर आलंय का?"

माझ्या पाठीमागं मॉनिटर चालू होता, रंगीत.
मी उठलो, त्याच्या आडवा उभा राहिलो.
"बरोबर," म्हणालो.
पैसे घेतले नाहीत त्यानं. चहा घेतला.

नंतर केबल आली, खांबाखांबावरून काळी वेल.
मग घरोघरी छोट्या पराती.
वर्तुळाच्या आत कोण, बाहेर कोण,
विचारायचं कारणच उरलं नाही.
पोस्टकार्डं थांबली.
चिलवेरी गेला, त्या वर्षी मी सोलापुरात नव्हतो.
भास्कर भेटला परवा कुंभारीच्या रस्त्याला, टॉवेलचा कारखाना आहे.
म्हणाला, "तुम्ही लोकांनी काय काय दाखवलं, मला विचारू नका.
मी सगळं गच्चीवरून ऐकलंय."

बंद करायचा हुकूम अडीच ओळींचा.
शेवटच्या रात्री, कुणी सांगितलं नव्हतं,
मी पट्ट्या लावल्या. पाच मिनिटं. सुरासकट.
मग लिहिलं:
तेवीस शून्य पाच, प्रक्षेपण बंद.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना.
आडवी रेघ मारली.

चादर घरी आहे.
सोलापुरी रंग पक्का म्हणतात. आहेच.
तरी तीस वर्षांचं धुणं.
मोरपंखी विटलाय, हळद उतरलीय,
डाळिंबीसुद्धा आता करड्याकडं निघालीय.
दर धुण्याला ती थोडी थोडी
त्याच्या टीव्हीसारखी दिसालीय.